मनगटावरच्या पाच फुल्या

माझ्या उपचाराच्या खोलीत येणारा प्रत्येक जण आधी यंत्राकडे बघतो आणि जरा हिरमुसतो. लेझर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी जाळणारं, कापणारं असतं, आणि माझ्या हातात दिसतं ते जाडसर पेनाएवढं नळकांडं, टोकाशी लाल ठिपका असलेलं. ते भाजत नाही, टोचत नाही. दुखऱ्या जागेवर निळ्या पेन्सिलीनं फुली मारायची, दोघांनी काळे चष्मे लावायचे, एकेका फुलीवर दोन मिनिटं प्रकाश धरायचा, यंत्र वाजलं की पुढची फुली. उठताना विचारायचं, शून्य ते दहामध्ये आता किती दुखतंय. तो आकडा कार्डावर लिहिला की माझं काम संपलं. अठरा वर्षं मी हेच करते आहे, आणि खरं सांगायचं तर माणसांपेक्षा माझा आकड्यांवर जास्त विश्वास होता.

एका सुताराला त्याची बायको घेऊन आली, म्हणजे जवळजवळ ओढूनच. उजवं मनगट दीड वर्ष दुखत होतं. हाड धड, नसा धड, सगळ्या तपासण्या धड, आणि करवत हातात घेतली की हात गळून जायचा.

"मुलगी गेली त्या दिवसापासून," बायको म्हणाली. "कालव्यात पाय घसरला तिचा. ह्यांनी धरलं होतं तिला."

"मी नाही," तो म्हणाला. "तिनं मला धरलं होतं."

मी कार्डावर 'स्नायूंवर ताण' असं लिहिलं. चष्मे दोनच असल्यामुळे बायकोला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

त्याच्या मनगटावर पाच जागा दुखत होत्या, चार एका बाजूला ओळीनं आणि एक त्यांच्या समोर. पाचांवर फुल्या मारल्या. आकडा होता नऊ. दुसऱ्या खेपेला तो आठावर आला आणि माझ्या फुल्या चुकल्या, म्हणजे आधीच्या पुसट दिसत होत्या, पण दुखणं त्यांच्या बोटभर पुढे, तळहाताकडे सरकलं होतं, पाचही जागा तेवढ्याच अंतरानं. मी खूश झाले. आमचे सर म्हणायचे, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. ते हलायला लागलं की समजायचं, निघालं. मी कार्डावर 'सुधारणा' लिहून खाली रेघ मारली. त्या रेघेची मला आज लाज वाटते.

पाचव्या खेपेला फुल्या तळहातावर आल्या, आकडा चारवर उतरला. बाहेर बायकोचा चेहरा उजळला होता. तिनं घरी त्याचा रंधा घासूनपुसून ठेवला होता. त्याचा चेहरा मात्र आकड्याबरोबर उतरत चालला होता. बरं होताना इतका खचणारा माणूस मी पाहिला नव्हता.

सहाव्या खेपेला त्याच्या हातावरच्या त्या निळ्या रांगा बघता बघता मी सहज माझी पाच बोटं पाच फुल्यांवर ठेवून पाहिली. बसेनात. माझ्या हातांना घरी सगळे बाहुलीचे हात म्हणून चिडवतात, तरी ते मोठे पडत होते.

"निसटतेय ती," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशीही अस्संच झालं. आधी मनगट, मग तळवा, मग बोटं. तेव्हा पटकन झालं, एवढंच."

मी यंत्र बंद केलं. मला भीती वाटली होती, आणि ती लपवायला मी बराच वेळ कार्ड वाचत राहिले.

आठवडाभर तो आला नाही. मग बायको पुन्हा त्याला घेऊन आली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, एवढं पुरे आहे, थांबू या. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"ताई, मुलगी गेली माझी. हा माणूस तरी परत द्या."

मी हात सोडवून घेतले आणि दार उघडलं.

आत तो आडवा झाला आणि हात पुढे केला. थांबून काही उपयोग झाला नव्हता. उपचाराविनाही दुखणं सरकत राहिलं होतं आणि आता एकाच जागी उरलं होतं, तर्जनीच्या शेवटच्या पेरावर. सुरुवात मी करून दिली होती, पुढचं माझ्या हातात नव्हतं.

"आकडा?"

"एक."

"तुम्ही म्हणाल तर मी नुसतं केल्यासारखं करते," मी म्हणाले. "बाहेर त्यांना कळणार नाही."

मग त्यानं स्वतःच चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"नको. करा तुम्ही. दीड वर्ष लोंबकळतेय पोर. तिचाही हात दुखत असेल, ताई."

मी फुली मारली आणि प्रकाश धरला. चष्म्याच्या कडेनं त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, पण बोट अगदी स्थिर होतं. दोन मिनिटांनी यंत्र वाजलं.

"आता किती?" मी सवयीनं विचारलं.

"शून्य."

तेवढ्यात दार उघडलं. इतक्या खेपांत त्याची बायको एकदाही न विचारता आत आली नव्हती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. खोलीभर नजर फिरवली, पडदा सरकवला, वाकून पलंगाखाली पाहिलं, आणि मग तिथेच जमिनीवर बसत तिनं विचारलं,

"आत्ता मला आई म्हणून कुणी हाक मारली?"