डावी कूस

श्रीकांतच्या हातातली औषधांची चिठ्ठी वरून बोटभर दुमडलेली होती. नखाने दाबून घडी पक्की केलेली. घडीखालची तिरकी अक्षरं मंगलाने ओळखली. ती तिचीच होती. दुमडलेल्या पट्टीत तिचं नाव छापलेलं होतं.

तिने चहाची बशी गुडघ्यावर ठेवली.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी गावातल्या लालबाग भागात दिगंबररावांच्या दवाखान्यात चौघे डॉक्टर जमत. ज्याची पाळी असेल त्याने पेशंटच्या स्टुलावर बसायचं आणि स्वतःची एक चूक सांगायची. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. मंगला तीन वर्षं "पुढच्या वेळी" म्हणत आली होती. श्रीकांतला गावात येऊन सहा महिने झाले होते, आणि तो आज तिसऱ्यांदा स्टुलावर बसला होता.

"तापीकाठच्या एक बाई. धाप लागायची," तो सांगत होता. "आधी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मीही महिनाभर त्याच दिल्या. डाव्या कुशीवर वळवून छाती ऐकलीच नाही. ऐकली तेव्हा कळलं, हृदयाची झडप आकसलीय. आता इंदूरला पाठवलंय."

"राज्य बदललं, आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली," दिगंबरराव म्हणाले, "पण कान अजून डाव्या कुशीलाच लावावा लागतो, बरं का!"

नंदकुमार हसला. "यार, तू चूक पण अशी सांगतोस, की ऐकणारा उद्या तुझ्याच दवाखान्यात येऊन बसेल."

लोक बसतच होते. मंगलाच्या दवाखान्यातल्या बाकावर आता सकाळी दहालाही जागा असे. ही तापीकाठची रंभाबाई दिवाळीनंतर आली नव्हती, तेव्हा मंगलाने दोन दिवस दाराकडे पाहिलं होतं. पेशंट श्रीकांतकडे गेली ती गेली. आता मंगलाची चूकही याची झाली होती, आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते.

"आधीचे डॉक्टर कोण रे?" नंदकुमारने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

श्रीकांतने ती खिशात घातली. "कशाला? पाळी माझी आहे."

त्याने मंगलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बशी टेबलावर ठेवताना वाजली.

"ऊठ श्रीकांत, मला बसू दे," ती म्हणाली. "त्या बाई सहा महिने माझ्याकडे येत होत्या. मी त्यांना एकदाही कुशीवर वळवलं नाही."