मंजुळाबाईचं प्रस्थान

मंजुळाबाईच्या ट्रंकेनं नाशिक पाहिलं होतं, तुळजापूर पाहिलं होतं, मुंबई तर दोनदा पाहिली होती. मंजुळाबाईनं काय पाहिलं होतं? माहेर चाकण, सासर काळेवाडी, आणि मधली वाट. आता ह्यात चूक कुणाची म्हणाल, तर ट्रंकेची नक्कीच नव्हती.

ट्रंक तिच्या बापानं लग्नात दिलेली. हिरव्या रंगाची, झाकणावर दोन कमळं. सोबत सतरंजीची वळकटी, चामडी पट्ट्यासकट, आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. पोरीला कुठंतरी जायला-यायला मिळेल असं त्या भोळ्या माणसाला वाटलं असावं. पण पोर पडली उद्धवरावांच्या घरात. उद्धवराव म्हणजे काळेवाडीतला दिलदार माणूस. कुणी गावाला निघालं की आधी ह्यांच्या दारात येऊन उभं राहायचं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत हे त्याला द्यायला सामान काढायला माळ्यावर चढलेले असायचे. मंजुळाबाई काही बोलली की ठरलेलं उत्तर, "असू दे गं, कुणाला तरी लागतं." आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. स्वतःच्या धोतराची चिंधी कधी कुणाला दिली नाही त्या दिलदारानं.

इतकंच असतं तरी तिनं गिळलं असतं. पण एक गोष्ट गिळता येत नव्हती. तिचा बाप चाकणला अंथरुणाला खिळला, तेव्हा निरोप आला होता की पोरीला धाडून द्या. तेव्हा ट्रंक जेजुरीला गेलेली, वळकटी देहूला. उद्धवराव म्हणाले, "आजाऱ्याच्या घरी राहायला जायचं तर आपलं अंथरूण नको? का भिकाऱ्यावानी गाठोडं घिऊन जातीस? सामान येऊ दे, मग जा." ती थांबली. सामान आलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी बाप गेला. चाकण ते काय, दिवसभराची वाट. ती अनवाणी चालत गेली असती तरी पोचली असती, आणि हे तिला तेव्हा सुचलं नाही, ह्याचाच राग तिला सगळ्यांत जास्त होता. स्वतःचाही आणि त्यांचाही.

तर आता पाडवा तोंडावर आला होता. पलीकडं पिंपरीला नवा कारखाना उभा राहिलेला, उद्धवराव तिथं कामाला लागलेले, आणि वाडीतल्या बायका घरं सारवण्यात बुडालेल्या. मंजुळाबाईनं ह्या वर्षी भिंतींच्या आधी माळा उपसला. प्रवासाचं म्हणून जे जे होतं ते सगळं अंगणात आणून मांडलं आणि उन्हात बसून एकेक वस्तू बघायला लागली. बघता बघता तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ट्रंकेचा कोयंडा खिळखिळा झालेला, आत कुणाच्यातरी हळदीचा डाग. वळकटीला विडीचा वास, आणि पट्ट्याचं बक्कल जाऊन तिथं सुतळी आलेली. कंदिलाला काच नाही. तांब्याचं झाकण तर दुसऱ्याच तांब्याचं होतं. कुठल्यातरी धर्मशाळेत अदलाबदल झाली असणार, आणि आणून देणाऱ्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. पडशी उलटी केली तर तिच्यातून शेंगांची टरफलं पडली. दुसऱ्याच्या पडशीत बसून शेंगा खायच्या आणि टरफलं तिच्यातच टाकायची, अशी ही माणसं.

तिनं चिंच घेतली, राख घेतली आणि तांब्या असा घासला की त्यात कुणाचंतरी तोंडच घासतेय असं वाटावं. ट्रंक आतून सोड्यानं धुतली, तळाला कडुलिंबाचा पाला पसरला. कोयंडा सुताराकडून बसवून आणला आणि त्याला कुलूप घातलं. वळकटी पवनेच्या पाण्यात आपटून आपटून धुतली, पट्टा स्वतः शिवला. तांब्याचं झाकण बसेना, तर त्याला आतून चिंधी गुंडाळली. उद्धवराव अंगणातून जाताना म्हणाले, "वा, झक्कास झालं. आता कुणाला द्यायलाबी लाज न्हाई वाटायची." तिनं वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हातातला तांब्या त्यांच्या अंगावर गेला असता.

कारण हे सामान ह्या खेपेला कुणाला द्यायचं नव्हतं. तिची लेक इंद्रायणी बार्शीला दिलेली. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं, पण पोरीच्या पायांवर सूज, आणि तिथल्या डॉक्टरनं गाडीत बसायची बंदी केलेली. पोरीचा निरोप एवढाच, की आई, तू ये, मला भ्या वाटतं. शेजारच्या रुक्मिणीबाईंचा भाऊ मालोजी रेल्वेत होता, तो सोमवारी कुर्डुवाडीला निघणार होता. तिथं जावई घ्यायला येणार. ही सोबत गेली तर दुसरी कुठं मिळायची?

घोडं अडलं ते वारावर. बार्शी पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेला जायचं नसतं. मालोजीला त्याचं काही नव्हतं, रेल्वेवाल्याला रोजचीच पूर्व आणि रोजचीच पश्चिम. पण मंजुळाबाई बाळंतिणीकडं निघालेली, तिला जिवाची धास्ती. मग जुन्या बायका करत तेच तिनं केलं. रविवारी सकाळी, वेळ चांगली होती तेव्हा, प्रस्थान ठेवलं. म्हणजे आपलं सामान परक्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान उंबऱ्याबाहेर पडलं म्हणजे माणूसच निघालं, असं धरायचं. मग दुसऱ्या दिवशी वार कसला का असेना. फक्त ते सामान परत आपल्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आलं की प्रस्थान मोडलं, आणि मग जाऊ नये.

तिनं ट्रंकेत बाळाची दुपटी भरली, मऊ झालेली जुनी लुगडी भरली, डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा. वर तांब्या. सगळ्यांत वर मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी. कुलूप लावलं, किल्ली कनवटीला, आणि ट्रंक रुक्मिणीबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवली. जेवताना उद्धवरावांना सांगितलंसुद्धा, "प्रस्थान ठिवलंय आक्काकडं." ते घास चावत म्हणाले, "बरं केलंस." पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी उजाडताच तिनं देवाला हात जोडले, हातावर दही घेतलं आणि उंबरा ओलांडला. उद्धवराव दात घासत होते. "तू हो म्होरं," ते म्हणाले, "वळकटी म्या आणतो." आवाज जरा गोड होता. तिथंच तिनं ओळखायला हवं होतं.

रुक्मिणीबाईंच्या ओसरीवर ट्रंक नव्हती. बाजल्यावर दुपटी होती, लुगडी होती, डिंकाची पुरचुंडी होती, तांब्या होता. तांदूळ गोधडीवर सांडलेले.

"आक्का, माझी ट्रंक?"

रुक्मिणीबाई आतून आल्या, बाजल्याकडं बघून त्यांचा चेहराच उतरला. काल दुपारी त्या नदीवर गोधड्या धुवायला गेल्या होत्या, आल्या त्या अंधारातच, आणि दमून थेट आत जाऊन पडल्या. ओसरीकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. तोवर उद्धवराव मागून आले, हात रिकामेच.

"त्याचं काय झालं," ते म्हणाले, "आमच्या कारखान्यातला आबाजी मुकादम सायबासंगं मुंबईला गेला. सायबाम्होरं पिशवी घिऊन जाणार व्हय त्यो? ट्रंक हितं पडलेली दिसली, म्हनलं देऊन टाकू."

"कुलूप व्हतं तिला."

"कोयंडा जरा ठोकला दगडानं. बसंल परत."

रात्री ह्या माणसानं पिठलं-भाकरी खाल्ली होती, ढेकर दिली होती, आणि शेजारी झोपून अवाक्षर काढलं नव्हतं. मंजुळाबाईनं पदर कमरेला खोचला, पुन्हा सोडला, पुन्हा खोचला. जन्मभर ट्रंक परक्याच्या ओसरीवर पाहायची सवय उद्धवरावांच्या डोळ्यांना लागलेली. ती तिथं दिसली की कुणाची नाही आणि सगळ्यांची आहे, एवढंच त्यांना कळायचं. उघडल्यावर आत दुपटी दिसली, तरी हात थांबला नाही.

उद्धवरावांना वाटलं, गप्प आहे म्हणजे ऐकतेय. "आगं, चार दिसांचा तर सवाल हाय. आबाजी आला की ट्रंक घिऊन जा. लेकीच्या सासरी गाठोडं घिऊन जाणं बरं दिसतं व्हय? भिकाऱ्यावानी? आन आता ते प्रस्थानबी मोडलं. चल घरात, च्या ठेव."

भिकाऱ्यावानी. शब्दसुद्धा तोच.

"तुमी माझ्या बापाच्या वक्ताला हेच म्हनला व्हता," ती म्हणाली. आवाज खाली होता, पण गल्लीतल्या दोन बायका सारवायचं सोडून दारात आल्या. "सामान येऊ दे मग जा. म्या ऐकलं. गाढव व्हते म्हणून ऐकलं. बाप दाराकडं बघत मेला, आन म्या हितं तुमच्या वळकटीची वाट बघत बसले. ती वळकटी तरी कुणाची? त्येच्याच पैशाची. आता पोर तिकडं दाराकडं बघतीया. तिलाबी सांगू का, मुकादमाला पेटी लागली म्हणून?"

"लोकं बघत्यात, मंजुळे. घरात चल, मग बोल."

"घरात न्हाई यायची. म्या उंबरा वलांडलाय."

रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या, "मंजुळा, पर प्रस्थान मोडलं ना गं? बाळंतिणीचा जीव हाय. नगं जाऊस." त्या भल्या मनानं म्हणाल्या. आणि हे मंजुळाबाईही मानत होती. नवऱ्याचा राग पेलता येत होता, ही भीती पेलवत नव्हती. ती बाजल्याशी गेली. सांडलेल्या तांदळांकडं बघत उभी राहिली. सुपारी उशाशी घरंगळलेली, हळकुंड दुपट्यात अडकलेलं.

मग ती वळली. "आक्का, हे घर कुणाचं?"

"माजं. आसं काय इचारतीस?"

"मंग मोडलं कुठं? तांदूळ तुज्या घरात हायेत, सुपारी तुज्या घरात. माज्या उंबऱ्याच्या आत यातलं काय आलं? ट्रंकबी न्हाई आली, ती तर मुंबईला गेली. माजं सामान घरी आलंच न्हाई, आक्का. जन्मात कंदी आलं न्हाई, ते आजच यील व्हय?"

रुक्मिणीबाई सरळ आत गेल्या. आल्या त्या स्वतःचं नवं लुगडं घेऊन. "ह्यात बांध," म्हणाल्या. "घट्ट गाठ मार." दोघींनी मिळून तांदूळ वेचले, दाणा न दाणा. उद्धवराव गल्लीत उभे होते, काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांना सवय होती द्यायची, आणि द्यायला आता काही उरलं नव्हतं.

गाठोडं डोक्यावर घेऊन मंजुळाबाई निघाली, तांब्या कोपरात अडकवलेला. मागून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "उद्धवराव, ती पोचल्याचं कळंस्तोवर घरात केरसुणी फिरवायची न्हाई. मागं केर काढला तर माज्याशी गाठ हाय." घरात अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी होती, अंगणात माळ्यावरचा सगळा पसारा होता, आणि पाडवा परवावर आलेला. राहू दे तसाच, मंजुळाबाईच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं.

स्टेशन नदीपलीकडं, चिंचवडला. फाल्गुनातली पवना, उताराला गुडघाभर पाणी. मालोजी पुढं गेलेला. ती मध्यावर असताना मागून हाक आली. उद्धवराव वळकटी खांद्यावर घेऊन धावत आले होते, तसेच धोतरासकट पाण्यात शिरले.

"आगं, ही तरी घिऊन जा. रातीला गाडीत काय टाकशील अंगाखाली?"

धुतलेली, सुकलेली, तिनं स्वतः शिवलेल्या पट्ट्यात आवळलेली वळकटी. तिला ती हवी होती. हात पुढं झालाही असता. पण तिनं दोन्ही हातांनी गाठोडं धरलं होतं, आणि ते तिनं सोडलं नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "कुणाला तरी लागंल."

ती पुन्हा पाणी कापत चालायला लागली. बापाच्या आठवणीनं डोळे भरून आले, ते पुसायला हात मोकळा नव्हता, तर तशीच चालली. मागं पाण्यात कुणी हललं नाही. पलीकडच्या काठावरून मालोजीनं हात केला, "ताई, पाय उचला, गाडी चुकंल."

"ह्या खेपेला न्हाई चुकायची," मंजुळाबाई म्हणाली, आणि काठ चढली.