तिरकी खाच

वहिनींच्या नणंदेच्या नव्या घरात एकाच भिंतीचं प्लास्टर राहिलं होतं. दुपारी दुसऱ्या कामावर गेले की गवंडीमामा आठवडाभर फिरकणार नव्हते, आणि नणंदेचं सामान परवा येणार होतं.

घराचं वायरिंग वहिनींकडे होतं. बारा वर्षं त्या हेच काम करत होत्या. फक्त त्या भिंतीतली खाच काल धाकट्या दिराने पाडली होती. बोर्डापासून वरच्या दिव्यापर्यंत थेट तिरकी. पाईप बसवून वायरीही ओढलेल्या.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"दीड मीटर पाईप वाचवला," दीर म्हणाला. "शाबासकी नको, चहा चालेल."

"इथे कपाट लागणार आहे. ड्रिल कुठे मारायचं?"

"मी सांगेन की. खूण केलीये." त्याने विटेवरची पेन्सिलीची फुली दाखवली.

गवंडीमामा हसले. "त्यावर माल थापतो, मग वाच तुझी फुली."

"वहिनी, राहू द्या ना," नणंद काकुळतीला आली. "मी त्या भिंतीला हातच लावणार नाही."

"तू नाही, तुझा नवरा लावेल. नाहीतर उद्या हे घर घेणारा लावेल. त्याला सांगायला कोण जाणार? मामा, अकरापर्यंत थांबाल?"

"पावणेअकरा. माल सुकतो."

वहिनींनी मामांचाच ओळंबा घेतला. बोर्डापासून सरळ वर, मग दिव्यापर्यंत सरळ आडवी रेघ. वहिनी त्या रेघेवरून खाच पाडत असताना दिराने तिरका पाईप उपसला. नव्या पाईपात वायरी ओढून वहिनींनी त्या मीटरने तपासल्या, भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढला आणि बाजूला झाल्या. दहा चाळीस झाले होते.

महिन्याने फोन आला. पलीकडे दीर.

"वहिनी, ताईचं कपाट लावतोय. फोटो सापडत नाही."

"मेन पाडलास?"

"पाडला. ड्रिल बॅटरीचं आहे."

"बोर्डाच्या सरळ वर आणि दिव्याच्या सरळ आडवं, एवढं सोड. बाकी भिंत तुमची."

चार भोकं पडल्याचं फोनवर ऐकू आलं. मग मेन चढवल्याचा खटका.

"लागला दिवा!" मागून नणंद ओरडली.

दीर जरा घुटमळला. "वहिनी, माझी ती फुली नेमकी कुठे होती हो?"

"तुलाच ठाऊक," वहिनी म्हणाल्या. "तू सांगणार होतास."