पानचोराने टाकलेला ढीग

"पानचोराने काय पळवलं ते बघत बसू नकोस, कुठे नेऊन टाकलं ते बघ," असं मावशीने भाचीला फोनवरचा खेळ शिकवताना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. भाचीने ते एका कानाने ऐकलं नि दुसऱ्याने सोडून दिलं. मांडीवर दात येणारी लेक किरकिरत असताना फोनमधल्या देवाच्या लीला ऐकायला सवड कुणाला!

पानचोर म्हणजे त्या खेळातल्या जंगलाचा देव. त्याला कुणी पाहिलेलं नाही; झुडूप हललं, खुदकन हसल्याचं ऐकू आलं, की समजायचं, स्वारी येऊन गेली. बागेतली वस्तू उचलायची आणि शेजाऱ्याच्या दारात टाकायची, हा त्याचा धंदा. खेळात तिची शेजारीण मावशीच. रोज सकाळी सातच्या ठोक्याला मावशी वस्तू परत करायची, वर टोमणा: "घ्या बाईसाहेब, सांभाळता येत नाही तर बाग लावता कशाला?"

सोमवारी संध्याकाळी झारी गेली. मंगळवारी टोपली, कुदळ, शिडी. बुधवारी सकाळी चक्क शेळी!

"मी काय घोडं मारलंय याचं?" ती कावली. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्यात फोन, खांद्यावर लेकीची लाळ.

"माझे मोजेही त्यानेच नेलेत का बघ," पलंगाखालून नवरा म्हणाला.

"तुझे मोजे न्यायला देवाचं नाक बंद असावं लागेल."

तिने रागारागात खेळवाल्यांकडे तक्रार ठोकली. उत्तर लगेच आलं: पानचोर दिवसाला एकच वस्तू नेऊ शकतो, कृपया पुन्हा मोजून पाहा.

"म्हणजे मी खोटारडी! थांबा, फोटोच पाठवते."

ती खेळात मावशीच्या दाराशी गेली. ढीग तिथेच होता. वर शेळी, मग शिडी, कुदळ, टोपली, आणि सगळ्यात खाली झारी.

झारी? ती तर मंगळवारी सातलाच परत यायला हवी होती. आज बुधवार, साडेआठ. दोन सकाळी मावशीचा टोमणा नाही, आणि आपल्या ते लक्षातही आलं नाही! तिने मावशीला फोन लावला, बंद.

लेक नवऱ्याच्या हातात कोंबून ती पायात येतील त्या चपला घालून पळाली. चार गल्ल्या, तीन जिने. स्वतःजवळच्या जादा किल्लीने तिने मावशीचं दार उघडलं.

मावशी पलंग आणि कपाटाच्या मध्ये पडली होती. मंगळवारी पहाटे पाय घसरला, तेव्हापासून. फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर, चार्जिंग संपून मेलेला.

"मावशी! अगं, मी आलेय!"

सुकलेले ओठ हलले. "शेळीला पाणी पाजलंस का?"

शेळीचं मावशीला कुणी सांगितलं, हे तिला आजवर कळलेलं नाही. कमरेचं हाड जुळतंय, मावशी आता नर्सबाईंना टोमणे मारते. खेळवाले अजूनही एकाच वस्तूवर अडून आहेत. आणि पानचोरावरचा तिचा राग? तो आहेच. "सरळ सांगायला काय धाड भरली होती मेल्याला?"

पण तुम्हाला तिचं एकच सांगणं आहे. रोज तुमच्यावर तोंड टाकणारं कुणी एकटं राहत असेल आणि काल-आज गप्प असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा, फोन लावा. उचलला नाही, तर चपला घाला आणि जाऊन बघा.