गोवर्धनच्या भिंतीला बोटीचा रंग

मी राघो गवंडी. मूळचा राजापूरचा, पण भाईंदरला येऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी इतक्या शहाण्यांची घरं बघितलीत की विचारू नका. पण तारोडीच्या गोवर्धन तांडेलाची सर कुणाला नाही.

एकाहत्तर साल. दिवाळी नुकतीच झाली होती. गोवर्धनचा निरोप आला, ‘भिंत बघायला या, आणि जे असेल ते चार माणसांसमोर सांगा.’ चार माणसांसमोर म्हटल्यावर मी ओळखलं, भिंत नुसतं निमित्त आहे, कुणाची तरी अब्रू काढायचीय. तरी एसटीनं उत्तनला उतरलो आणि तसाच चालत गेलो.

घर लांबूनच दिसलं. दिसणारच! समुद्राकडची अख्खी भिंत हिरवीगार आणि वर लाल पट्टा. मच्छीमारीच्या बोटीला देतात तोच रंग. गावातली बाकीची माणसं पावसाळ्याआधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. दिसायला गबाळं दिसतं, पण भिंत कोरडी राहते. गोवर्धननं गेल्या माघात पोराच्या लग्नासाठी विटांचं घर बांधलं होतं. आता पक्क्या घराला झावळ्या बांधायच्या म्हणजे साहेबांची शान गेली ना! म्हणून त्यानं डोकं लढवलं आणि बोटीच्या रंगाचे तीन हात मारले.

साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बायको जिजाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. समोर जमिनीवर सुनेचा बाप धाकू, टोपी हातात चुरगाळत बसलेला. आणि तुळशीपाशी ती सून, शालू. सातवा महिना, पायाशी कपड्यांचं बोचकं.

“मिस्त्री, नीट ऐका,” गोवर्धन म्हणाला. “ह्यो रंग बोटीला दिला का पान्याचा थेंब आत येत न्हाय. भितीला तीन हात दिलेत. म्हंजे भायेरून पानी येनं शक्यच न्हाय. तरी आतून भित रडते. कवापासून? ही घरात आली तवापासून. मंग सांगा, पानी कुटून आलं?”

“हिच्या पायगुनानं,” जिजाबाई म्हणाली. “आमच्या घरात भित कदी रडली नव्हती.”

रडणार कशी? आधीचं घर कुडाचं होतं की बाई तुझं!

मग कळलं काय घाट घातलाय तो. पहिलटकरणीला सातव्यात ओटी भरून, वाजतगाजत माहेरी पाठवतात. हिला ओटी न भरता पाठवायची होती. म्हणजे आख्ख्या गावानं समजायचं, ही आता परत येत नाही. पोरीचा नवरा नाथा बोटीवर, आठ दिवस येणार नव्हता. सासऱ्यानं बरोबर तोच दिवस निवडला. केवढा शूर माणूस! आणि तो धाकू! स्वतःच्या लेकीसाठी तोंडातून चकार शब्द नाही, वर “चुकलं आसंल पोरीचं” असं पुटपुटत होता. मला एकेकाची किळस आली.

मी पिशवीतून थापी काढली. शालू पुढं आली, म्हणाली, “मिस्त्री, ती वरची चीर—”

“तू थांब गं,” मी खेकसलो. “भिंतीतलं बायकांना काय कळतंय? मला माझं काम करू दे.”

ती मागं सरली.

थापीच्या लाकडी मुठीनं मी भिंत ठोकायला सुरुवात केली. निरोगी भिंत टणटणीत बोलते. ही छातीच्या उंचीपर्यंत भद्द भद्द करत होती. गिलावा विटेपासून सुटलेला, नुसता रंगाच्या जोरावर उभा. खाली जोत्याजवळ रंगाला आंब्याएवढा फुगा आला होता. मी थापीचं टोक घातलं, तर आतून पचकन पाणी आलं, माझ्या चपलेवर. पाऊस संपून महिना झाला होता! दोन बोटांनी वीट दाबली, ती भुग्यासारखी हातात आली. मग शिडी मागवली. वर कौलांच्या खाली बोट जाईल एवढी चीर, दोन हात लांब. पावसाचं पाणी तिथून रंगाच्या मागं उतरत होतं आणि रंग त्याला बाहेर पडू देत नव्हता. मग ते बिचारं आतल्या खोलीत नाही येणार तर कुठं जाणार?

आत गेलो. शालूच्या अंथरुणाशेजारी भिंतीला कापसासारखा पांढरा लोणा फुटला होता. बोटावर घेतला आणि जिभेला लावला. खारट!

“रेती कुठली वापरलीस?” मी बाहेर येऊन विचारलं.

“कुटली म्हंजे? आपल्या किनाऱ्याची. फुकट हाय, दारात हाय.”

“धुतली होती?”

“रेती काय धुत्यात?” आणि गडी हसला.

मग माझा तोल सुटला. “अरे गोवर्धन, भिंत म्हणजे काय बोट आहे का रे? बोट वर्षातून दोनदा ओढून वाळवतोस. ही भिंत कुठं ओढून वाळवणार होतास? खाऱ्या रेतीचा गिलावा हवेतली ओल ओढत बसतो. वर चीर ठेवलीस, आणि वरून तीन हात मारून भिंतीचं नाकतोंड बांधलंस! तुझी भिंत रडत नाही, कुजतेय. तूच कुजवलीस. या पोरीचा काय संबंध? घे, जीभ लाव, बघ.” मी बोट त्याच्या तोंडापुढं धरलं. त्यानं मान फिरवली.

मग गोवर्धन खुर्चीतून न उठता म्हणाला, “बरं, बरं. मंग ऱ्हाऊ दे तिला. झालं गेलं, आमी सोडून दिलं.”

“सोडून दिलं? तू?” मी ओरडलो. लाज कशाशी खातात हे या माणसाला ठाऊकच नव्हतं.

धाकू मात्र रडायलाच लागला. “सुटलीस गो पोरी! मिस्त्री देवासारखे आले.”

“बा,” शालू म्हणाली, “चीर हाय, आन पांढरं लागतंय ते खारट हाय, हे मी तुला नवरात्रात सांगितलं. ह्या सासू-सासऱ्यांना त्याच्या आदी सांगितलं. तू काय बोललास? सासऱ्याच्या घराला नावं ठेवू नको.” मग माझ्याकडं वळली. “आन मिस्त्री, आत्ता तुमालाबी तेच सांगत व्हते.”

माझ्या हातातली थापी मला जड झाली. एवढा वेळ मी जगाला मूर्ख म्हणत होतो, आणि तिला गप्प बसवण्यात मीही त्यांच्यातलाच एक होतो. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शालूनं बोचकं उचललं. तेवढ्यात जिजाबाई आत पळाली आणि ताटात नारळ, खण, मूठभर तांदूळ, हळदकुंकू घेऊन धापा टाकत आली. एवढी चपळाई त्या बाईत असेल असं वाटलं नव्हतं. “पदर धर गो,” ती म्हणाली. आवाजात मध भरलेला. “वटी भरते. भरल्या वटीनं जा, भरल्या हातानं ये.”

आसपासच्या बायका कुंपणाशी गोळा झाल्या होत्या. धाकू लेकीला डोळ्यांनी खुणावत होता, पदर धर, पदर धर. शालूनं पदर धरला नाही. घट्ट कमरेला खोचला. जिजाबाई नारळ पुढं करून तशीच उभी राहिली.

“माझी नको,” शालू म्हणाली. “भितीची भरा. नऊ महिने तुमी तिचंच ऐकत व्हता.”

आणि बापाची वाट न बघता ती रस्त्याला लागली.