उरलेली पट्टी

थोरला सर्जन, मधली न्यायाधीश आणि धाकटा फोटोंच्या फ्रेमा बनवणारा. थोरल्या दोघांच्या पदव्या भिंतीवर लावायच्या म्हणून अण्णांनी धाकट्या लेकाला दोन फ्रेमा सांगितल्या. त्याने जीव ओतून तीन केल्या, तिन्ही एकसारख्या.

"तिसरी कुणाची रे?" अण्णांनी विचारलं.

"पट्टी उरली होती," तो म्हणाला. खरं तर तिच्यात लावायला अण्णा त्याचाही एखादा फोटो शोधतील, अशी त्याला वेडी आशा होती.

अण्णांनी फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "काम झकास आहे हो तुझं! असं कर, हिच्यात आरसा बसव. मला दाढीला होईल."

त्याने खिशातून टेप काढला आणि आरशाचं माप घेतलं.