वायरलेसवर नवऱ्याचं नाव

जयसिंग आरमारातून सुटला, पण समुद्र काही त्याच्या डोक्यातून सुटेना. दिवाळीनंतर शिडाच्या होडीतून मुंबईहून मस्कतला जायचं म्हणे! आता बोला! बायको रंभाबाईनं एकच अट घातली, "तुमचा आवाज रोज कानावर आला पायजे. न्हाईतर मी जाऊ देणार न्हाई."

म्हणून वायरलेसच्या दोन जोड्या आणल्या. एक छोटी, बॅटरीवरची. दुसरी लष्करी भंगारातली, पेटाऱ्याएवढी, दांडा फिरवल्याशिवाय न बोलणारी. होडीत कायमची एकच मावणार, तेव्हा परीक्षा मुळशी धरणात.

काठावर चुलतसासरे हैबतराव. लढाईत वायरलेस सांभाळताना तोफांनी त्यांचे कान गेले, म्हणून ऐकायचं-बोलायचं रंभाबाईनं. त्यांचा हुकूम कडक होता. "हवेत शंभर लोक बडबडत्यात. आपलं नाव ऐकल्याबिगर कुणी उत्तर द्यायचं न्हाई."

दोन्ही यंत्रं घेऊन जयसिंगची होडी लांब गेली. रंभाबाईनं छोट्याचं बटण दाबलं. पण सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव? जीभच उचलेना बाईची. पदर सावरत म्हणाली, "अहो, ऐकताय न्हवं?" चारदा म्हणाली. उत्तर नाही.

"फेक ते खेळणं," म्हणत हैबतराव मोठ्याचा दांडा फिरवू लागले.

तेवढ्यात धुकं उतरलं. जरा फाटलं तेव्हा शीड दिसलं, थेट सांडव्याच्या अंगाला! धरण तुडुंब, पाणी भिंतीवरून कोसळत होतं. होडी त्या ओढीत सापडली तर हाडंसुद्धा मिळायची नाहीत.

"अहो, मागं फिरा!" रंभाबाई मोठ्यावर ओरडली.

शीड तसंच पुढे चाललं.

"कान गेलेत माझे, डोळे न्हाईत!" हैबतराव दांडा फिरवत गरजले. "तुझे ओठ दिसत्यात मला. नाव घे, पोरी!"

"जयसिंग!" ती किंचाळली. "जयसिंग, माघारी फिर! म्होरं सांडवा हाय!"

अहो-जाहो सगळं पाण्यात गेलं. शीड फडफडलं आणि वळलं.

जयसिंग काठाला लागला.

"मोठाच ने," हैबतराव त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "छोटा मुका हाय."

"मुका कसला? त्यावर 'अहो, अहो' चारदा ऐकलं, अगदी खणखणीत. मोठ्यावर 'मागं फिरा'बी ऐकलं. पण नाव न्हाई, अन् यंत्रात सगळ्याच बायांचा आवाज सारखा. मला वाटलं, कुणाची तरी बायको कुणाला तरी बोलावतीया."

रंभाबाईला रडू आलं आणि मेला रागही आला. तिनं छोटा उचलून त्याच्या हातात आदळला.

"हलका हाय, हाच न्या. हाक मी नावानंच मारीन. मामंजींच्या तोंडावर मारीन!"